रानाची विद्या : हाताने शिकावी, पारखून घ्यावी



खानापूर, हल्याळ आणि जोयडा या तालुक्यांतील आपल्या पुष्कळ गावांत शेवटचा बांध संपला की रान सुरू होते. सरपण, चारा, शिकेकाई, मध, गुरांची राखण अशा कितीतरी कामांसाठी आपली माणसे वर्षभर रानात जातात. वाट चुकणे, अवेळी पावसात सापडणे, पाणी संपणे, पायाखाली साप येणे या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत. अशा वेळी काय करायचे हे जुन्या माणसांना ठाऊक होते. ते कुठे लिहून ठेवलेले नव्हते. बापाचा हात पाहून मुलाचा हात शिकत असे.

आता मुले शिक्षणासाठी बेळगावला, धारवाडला किंवा गोव्यात राहतात. मे महिन्यात घरी येतात तेव्हा आजोबा ओट्यावर बसलेले असतात. दोघे मिळून रानात जाण्याचा योग येत नाही. आणखी दहा-पंधरा वर्षांत ही विद्या आजोबांबरोबरच दफनभूमीत जाईल. तेव्हा ती शिकून घेणे हे पहिले काम. दुसरे काम तितकेच महत्त्वाचे आहे. या जुन्या विद्येत जीव वाचवणारे जसे आहे, तसे जीव घेणारेही थोडे आहे. ते पारखून वेगळे केले पाहिजे. ही पारख कशी करावी हाच आजच्या पाठाचा गाभा आहे.

असे वर्ग कुठून आले?

रानातील विद्या हाताने शिकवण्याचा वर्ग ही कल्पना जुनीच आहे. १९०७ सालच्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडमधील ब्राऊन्सी बेटावर बेडन-पॉवेल यांनी सुमारे वीस मुलांना घेऊन आठवडाभर तळ ठोकला. चूल मांडणे, गाठी मारणे, माग काढणे, जखमीला उचलून नेणे हे मुलांनी तेथे करून पाहिले. त्यातूनच पुढे स्काउट चळवळ उभी राहिली. आपल्या देशात भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था १९५० साली स्थापन झाली. अमेरिकेत लॅरी डीन ऑल्सन यांनी कॉलेजातील विद्यार्थ्यांना ओसाड मुलुखात नेऊन हीच विद्या शिकवली. या विषयावरील त्यांचे पुस्तक १९६७ साली निघाले. आज त्या देशात लोक पैसे भरून अशा शिबिरांना जातात, आणि सालीचा दोर वळायला व लाकडावर लाकूड घासून विस्तव काढायला शिकतात.

ज्यासाठी तेथील माणूस पैसे मोजतो, त्यातले पुष्कळसे आपल्याकडचा एखादा वृद्ध गवळी-धनगर किंवा सिद्दी दारात बसल्या बसल्या करून दाखवील. हल्याळ आणि मुंडगोड भागातील पुष्कळ सिद्दी कुटुंबे ख्रिस्ती आहेत. चर्चमध्ये ती आपल्या शेजारच्या बाकावर बसतात. त्यांना मजुरीला सगळे बोलावतात, गुरुजी म्हणून फारसे कोणी बोलावत नाही. गावात असा वर्ग भरला तर निदान एक दिवस तरी हा क्रम उलटा होईल.

आधी क्रम ध्यानात घ्या

रानात अडकलेल्या माणसाला पहिली काळजी पोटाची वाटते. ती चुकीची आहे. एक साधा ठोकताळा आहे : कडक थंडी-पावसात किंवा रणरणत्या उन्हात निवाऱ्याविना माणूस सुमारे तीन तास तग धरतो, पाण्याविना सुमारे तीन दिवस आणि अन्नाविना सुमारे तीन आठवडे. हे आकडे घड्याळासारखे काटेकोर नाहीत, पण त्यांतील क्रम खरा आहे. आधी निवारा, मग पाणी, मग अन्न. एका रात्रीच्या भुकेने कोणी मरत नाही. अनोळखी कंद खाऊन मात्र मरतो.

पहिला धडा : दोर

वर्गाची सुरुवात दोराने करावी. निवारा बांधायला, मोळी बांधायला, जखमी पायाला फळी बांधायला दोर लागतो. केवणीची म्हणजे मुरुडशेंगेच्या झुडपाची साल, अंबाडी, घायपात आणि पळसाच्या मुळ्या यांचा चांगला दोर होतो. वर्गासाठी आपल्या बांधावरची घायपात किंवा अंबाडी पुरे.

वाखाची करंगळीएवढी जुडी थोडी ओली करा. ती बरोबर मध्यावर दुमडू नका. एक पदर आखूड व एक लांब ठेवा, म्हणजे पुढे दोन्ही पदरांना जोड द्यायची वेळ एकाच जागी येणार नाही. दुमडलेले टोक डाव्या चिमटीत धरा. उजव्या हाताने वरचा पदर आपल्यापासून पलीकडे पिळा, आणि पिळलेला पदर दुसऱ्या पदरावरून आपल्याकडे आणा. आता दुसरा पदर वर येईल. त्यालाही तसेच करा. पदर एका दिशेने पिळला जातो आणि दोन्ही पदर एकमेकांवर उलट दिशेने गुंडाळले जातात. एक पीळ सुटू पाहतो तेव्हा दुसरा घट्ट होतो. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही असे आपण म्हणतो. दोराचे बळ या पिळातच असते.

हातभर दोर झाला की त्याला पाण्याने भरलेली घागर टांगा. दोर चांगला असेल तर घागर राहील, कच्चा असेल तर पडेल. गुरुजी थोर आहेत की लहान, शिकणारा श्रीमंत आहे की गरीब, हे दोराला कळत नाही. दोर खोटे बोलत नाही. ही गोष्ट मनात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

दुसरा धडा : विस्तव

जुन्या सुतारांचा सामता ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा धडा लवकर कळेल. धनुकलीच्या दोरीचा वेढा उभ्या काठीला द्यायचा आणि धनुकली पुढे-मागे ओढून काठी गरगर फिरवायची. ताक घुसळताना रवी जशी फिरते तशीच ही काठी फिरते. नवशिक्यांनी धनुकलीऐवजी रवीप्रमाणे दोघांनी दोरी ओढली तरी चालते.

खालची फळी आणि उभी काठी दोन्ही हलक्या, मऊ आणि पूर्ण वाळलेल्या लाकडाच्या हव्यात. पांगारा, सावर ही लाकडे अशी मऊ असतात. नखाने दाबल्यावर वळ उठला तर लाकूड योग्य समजावे. फळीच्या कडेजवळ काठीसाठी खळगा करा आणि खळग्यापासून कडेपर्यंत एक खाच पाडा. काठीच्या वरच्या टोकावर करवंटी किंवा गुळगुळीत दगड दाबून धरा. काठी फिरू लागली की खाचेत भुकटी साचते. ती पिवळसर असेल तर दाब वाढवा. काळी होऊन तिच्यातून आपोआप धूर येत राहिला की आत ठिणगी धरली असे समजा. ती वाळलेल्या गवताच्या आणि नारळाच्या काथ्याच्या घरट्यात हलकेच ठेवून फुंकर घाला.

पहिल्या दिवशी बहुतेकांना घाम येतो, विस्तव येत नाही. पावसाळ्यातील दमट हवेत तर जाणत्यालाही तो सहजासहजी मिळत नाही. त्यामुळे या धड्याचा व्यवहारी निष्कर्ष असा : काड्यापेटी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, मेणबत्तीच्या तुकड्यासह, रानात जाताना नेहमी कमरेला असावी. हा विस्तव आपल्याच शेतात काढावा. भोवतालची दहा फूट जागा झाडून मोकळी करावी, पाण्याची घागर आणि हिरव्या डहाळ्या जवळ ठेवाव्यात. शेवटी राखेवर पाणी ओतून, हात लावून ती गार झाल्याची खात्री करावी.

तिसरा धडा : पाणी

उन्हाळ्यात ओढा आटलेला दिसला तरी वळणाच्या बाहेरच्या अंगाला, वाळूत खणल्यावर पुष्कळदा पाणी लागते. पहिले गढूळ पाणी उपसून टाकावे आणि नंतर झिरपलेले घ्यावे. गढूळपणा घालवण्यासाठी निवळीचे बी भांड्याच्या आतल्या अंगाला घासण्याची जुनी रीत आहे. तिने गाळ खाली बसतो हे खरे. वर्गात दोन भांडी शेजारी ठेवून ते पाहता येते. पण निवळलेले पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी फडक्याने गाळून, खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळावे. भांडे नसेल तर स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत निवळ पाणी भरून ती सहा तास कडक उन्हात आडवी ठेवावी. आभाळ भरलेले असेल तर इतका वेळ पुरत नाही.

जुलाब लागले किंवा उन्हाने फार घाम गेला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट द्यावे. मीठ जास्त पडले तर अपाय होतो, म्हणून वर्गात प्रत्येकाने ते एकदा स्वतः मोजून करावे.

चौथा धडा : रानभाजी

या धड्याच्या गुरू आपल्या आज्याच. टाकळा आणि कुर्डू यांची कोवळी पाने, करटोली, भारंगी ही पावसाळ्यातील भाजी त्यांना पाठ असते. अळू आणि शेवळे घशाला खाजतात ते त्यांतील सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे. म्हणूनच चिंच किंवा आमसूल घालून ती चांगली शिजवण्याची रीत पडली. कडू कंद चकत्या करून, उकळून, वाहत्या पाण्यात ठेवून मगच खातात. ज्या आजीने तो कंद वर्षानुवर्षे रांधला आहे तिच्या हाताखाली शिकल्याशिवाय कोणी त्याच्या वाटेस जाऊ नये.

तीन गोष्टी मात्र मुलांना दाखवून ठेवा. पहिली कळलावी. तिचे फूल अग्निज्वालेसारखे सुंदर असते, आणि नांगराच्या आकाराचा तिचा कंद रताळे किंवा करांदा समजून खाल्ला गेला तर प्राणघातक ठरतो. दुसरी कुंपणाचा मोगली एरंड. त्याच्या गोडसर बिया शेंगदाण्यासारख्या लागतात आणि मुले त्या खाऊन आजारी पडतात. तिसरी अनोळखी अळंबी. चांदीचे नाणे काळे पडले नाही किंवा लसणीचा रंग बदलला नाही म्हणजे अळंबी चांगली, ही समजूत साफ खोटी आहे. गुरांनी किंवा माकडांनी खाल्ले म्हणजे आपणही खावे, हेही खोटेच. सर्वांत घातक अळंबीचा त्रास सहा-बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतो, आणि तोवर यकृतावर घाला पडलेला असतो.

पाचवा धडा : वाट आणि निवारा

वाट चुकली असे वाटताच बसा. पाणी प्या, आठवा, मग उठा. घाबरून धावणारा माणूस आणखी आत जातो. ओढ्याच्या काठाने गेले की गाव लागते असे म्हणतात, पण आपल्या भागात ते नेहमी खरे नाही. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते. त्याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई पश्चिमेला घाट उतरून गोव्यात जाते. पश्चिमेकडे वाहणाऱ्या ओढ्याचा काठ धरून निघालेला माणूस गावाऐवजी कड्यावर जाऊन पोचेल. म्हणून आधी दिशा काढा. सपाट जागी सुमारे तीन फूट उंचीची काठी रोवा. तिच्या सावलीच्या टोकावर खडा ठेवा. वीस मिनिटांनी सावली सरकेल, तेव्हा नव्या टोकावर दुसरा खडा ठेवा. पहिला खडा पश्चिमेकडचा आणि दुसरा पूर्वेकडचा.

सांज झाली तर चालणे थांबवून निवारा करा. ओढ्याच्या पात्रात, वाळक्या झाडाखाली किंवा वारुळाजवळ जागा घेऊ नका. अंगाखाली पाचोळ्याचा जाड थर हवा, कारण जमीन अंगातील ऊब ओढून घेते. पण पाचोळा आधी काठीने झाडून घ्या. मदतीसाठी थांबून थांबून तीन हाका किंवा तीन शिट्ट्या द्या. घरून निघताना कुठे जातो आणि केव्हा परतणार हे सांगून निघणे, हा तर सर्वांत स्वस्त उपाय आहे.

डिसेंबर ते मे या काळात आणखी एक जपावे. माकडताप हा गोचिडांमुळे होणारा रोग १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला, आणि २०१५ साली सत्तरीत व २०१६ साली दोडामार्ग भागात पोचला. रानात जाताना अंगभर कपडे घालावेत, परतल्यावर ऊन पाण्याने अंघोळ करून कपडे धुवावेत, मेलेल्या माकडाला हात लावू नये आणि आरोग्य केंद्राला कळवावे.

सहावा धडा : सर्पदंश

आता दोराची गोष्ट आठवा. दोर कच्चा असेल तर घागर पडते आणि चूक तिथल्या तिथे कळते. साप चावल्यावर पाला देणाऱ्याचे किंवा मंत्र घालणाऱ्याचे तसे नाही. बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी सापही प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असे नाही. अशी माणसे पाला दिला तरी वाचतात आणि न दिला तरी वाचतात. श्रेय मात्र पाल्याला जाते. जो मरतो त्याच्याविषयी, उशीर झाला, काळ आला होता, असे म्हटले जाते. म्हणजे या विद्येची परीक्षा कधीच होत नाही. तिचा गुरू मुद्दाम फसवतो असे म्हणू नये. तो स्वतःही फसलेला असतो. पण किंमत मोजतो तो चावलेला माणूस. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी सुमारे ५८,००० माणसे दगावली. त्यांतील बहुतेक खेड्यांतील होती.

आपल्या देशातील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर चालते. पश्चिम घाटातील चापड्यावर ते लागू पडत नाही. तरीही इस्पितळातच जावे, कारण रक्तस्राव आणि मूत्रपिंड यांची काळजी तेथेच घेता येते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दुखतही नाही. म्हणून झोपायला खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी असावी.

वर्गात जोडीजोडीने हे करून पाहा : रोग्याला धीर देऊन आडवे करा. अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढा. हाड मोडल्यावर बांधतो तशी फळी किंवा काठी लावून तो हात-पाय हलणार नाही असा बांधा. त्यासाठी पहिल्या धड्यातला दोर आणि धोतराची पट्टी चालेल. दोर फळी धरून ठेवण्यापुरताच सैल असावा. रक्त अडेल असा आवळू नये. चिरा देऊ नये, चोखू नये, काही लावू नये. चालायला न लावता खाटेवर किंवा गाडीवर न्यावे आणि १०८ ला फोन करावा. साप मारून किंवा पकडून नेण्यात वेळ दवडू नये. डॉक्टर लक्षणे पाहतात, आणि थोडे रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटे ठेवून ते गोठते की नाही हे तपासतात. ही परीक्षाही घागरीसारखीच आहे, डोळ्यांसमोर निकाल देणारी. पावसाळ्याआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, जवळच्या कोणत्या इस्पितळात प्रतिविष आहे हे विचारून घराच्या भिंतीवर लिहून ठेवावे.

कायद्याची मर्यादा

फास लावणे, सापळे रचणे हेही जुन्या रानविद्येत होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे ते शिकवू नये. राखीव रानात विस्तव पेटवणे हा गुन्हा आहे. भीमगडचे रान २०११ पासून अभयारण्य आहे. तेथे परवानगीशिवाय वर्ग नेऊ नये. आपले शेत पुरेसे आहे.

वर्ग कसा भरवावा

पहिला वर्ग नोव्हेंबर-डिसेंबरात, रविवारच्या मिस्सानंतर एखाद्याच्या मोकळ्या शेतात ठेवावा. रानभाजीचा वेगळा वर्ग जुलैत. शिकणारे पंधराहून अधिक नसावेत, आणि पाचांमागे एक जाणता असावा. दोर आणि विस्तवासाठी वृद्ध पुरुष, भाजीसाठी आज्या, सर्पदंशासाठी आरोग्य केंद्रातील परिचारिका किंवा दवाखान्यातील सिस्टर यांना बोलवावे. गुरुजींना गवंड्याच्या एका दिवसाच्या मजुरीइतका तरी मोबदला आणि सर्वांच्या आधी जेवण द्यावे. कोयता मोठ्या माणसाच्या नजरेखालीच मुलांच्या हाती यावा. गुरुजी सांगतील ते एकाने वहीत उतरवून घ्यावे. पण पाहिले किंवा लिहिले म्हणजे आले असे मानू नये. प्रत्येकाच्या हाताने घागर टांगली गेली पाहिजे.

गटात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात दोर वळणारे, दिशा ओळखणारे, कडू कंद रांधणारे कोण कोण आहेत? त्यांची नावे लिहा आणि या महिन्यात त्यांच्या घरी जाऊन या.

२. आपल्याकडच्या कोणत्या जुन्या उपायांची परीक्षा डोळ्यांसमोर होते, आणि कोणत्यांची कधीच होत नाही?

३. आज रात्री आपल्या घरी कोणाला साप चावला तर कोणत्या गाडीने, कोणत्या इस्पितळात आणि किती वेळात पोचाल? उत्तर घरातील प्रत्येकाला, लहान मुलांनाही, सांगता आले पाहिजे.